टाकीवरचं पाखरू

ऑस्ट्रेलियात एकदाही पाऊल न टाकता ऑस्ट्रेलियावर इतका जीव टाकणारा माणूस आमच्या साडूंशिवाय पृथ्वीच्या पाठीवर दुसरा सापडायचा नाही. बरं, ऑस्ट्रेलिया म्हटल्यावर माणसाला क्रिकेट आठवेल, कांगारू आठवेल, गेला बाजार तिकडे स्थायिक झालेला एखादा आतेभाऊ आठवेल. साडूंना यातलं काही आठवत नाही. त्यांना आठवतात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे तिथल्या आडगावांतले सायकलवाले आणि लोहार, ज्यांनी आपल्या दुकानामागच्या पडवीत स्वतःच्या नावाच्या मोटारसायकली जोडल्या, ओळखीपाळखीत चार-सहा विकल्या आणि मग मुकाट्याने पुन्हा पंक्चरं काढायला बसले. त्या मंडळींची नावं त्यांच्या गावालाही आता आठवत नाहीत. ती सगळी अमेरिकेतल्या बॉथेल गावी, एका सांगलीकर सॉफ्टवेअर टेस्टरच्या डोक्यात भाडं न देता राहतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघं एकाच सासूचे जावई, आणि एकाच गावात दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो, त्यामुळे या इतिहासाचा प्रसाद सगळ्यात जास्त मलाच मिळालेला आहे. कुणाला वाटेल, हा गृहस्थ कातडी जाकीट घालून डोंगरातून भन्नाट मोटारसायकल उडवत असेल. छे! साडूंना मोटारसायकल चालवता येत नाही. कॉलेजात असताना मित्राच्या गाडीवर एकदा बसले होते, ते गाडीसकट उसाच्या फडात गेले आणि तिथून चालत बाहेर आले. तेव्हापासून त्यांनी दुचाकीला हात लावला तो फक्त पुसायला. स्वतः चालवतात ती मिनीव्हॅन, आणि तीही अशी की मागचे अमेरिकन लोक, जे सहसा हॉर्न वाजवत नाहीत, ते वाजवतात. मी एकदा विचारलं, "अहो, निदान शिकून तरी घ्या." तर म्हणाले, "भाऊ, ताजमहाल आवडतो म्हणून कुणी गवंडीकाम शिकतं का?"

बॉथेलच्या मराठी मंडळींत त्यांना सगळे ओळखतात, आणि ओळखतात म्हणूनच जेवणाच्या रांगेत त्यांच्या पुढे उभं राहायचं टाळतात. बारसं असो, सत्यनारायण असो, साडू बोलता बोलता विषय कुठून कसा वळवतील याचा नेम नाही. एका बारशाला बाळाचं नाव ठरत नव्हतं म्हणून सगळे ताटकळले होते, तेव्हा यांनी त्या बापाला बाजूला घेऊन, व्हिक्टोरियातल्या एका लोहाराने आपल्या गाडीला आधी बायकोचं नाव दिलं, मग भांडण झाल्यावर पुसून मेहुणीचं दिलं आणि पुढे त्याचं काय झालं, ही कथा ऐकवली. त्या बापाने घाईघाईने पहिलं सुचलेलं नाव ठेवून टाकलं. पण कळस झाला तो त्यांच्या सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूत. अधिकारी बाई भली होती. सगळे प्रश्न झाल्यावर तिने सहज विचारलं की फावल्या वेळात काय करता. साडूंनी सांगायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने त्या बाईने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "सर, नेमकं कोणत्या देशाचं नागरिकत्व हवंय तुम्हाला?"

त्यांचा लळा मात्र नुसता बोलण्यापुरता नाही. सर्वपित्री अमावास्येला ते घरच्या पानाशेजारी एक जादा पान वाढायला लावतात. हे कुणासाठी, असं पहिल्या वर्षी विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्यांचं नाव घेणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी. बिचारे खपून खपून गाड्या करायचे हो." आणि कावळ्यांचं म्हणाल तर बॉथेलात त्यांना तोटा नाही. शरद ऋतूत रोज संध्याकाळी हजारोंनी येऊन ते इथल्या कॉलेजमागच्या झाडांवर मुक्काम करतात. खीर-वडे बघून ते घरामागच्या लाकडी डेकवर असे उतरतात की त्या ऑस्ट्रेलियन लोहारांचा आत्मा तृप्त झाला नसेल असं म्हणायला जागा राहत नाही. शेजारची म्हातारी मात्र त्या दिवशी पडदे ओढून घेते.

या सगळ्याचं मूळ म्हणजे एक टाकी. बऱ्याच वर्षांपूर्वी जुन्या सुट्या भागांच्या एका शनिवारच्या बाजारात आमच्या मेहुणीला, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवतींना, गंजक्या सामानाच्या ढिगात मोटारसायकलची पेट्रोलची एक जुनी टाकी दिसली. तिच्यात कढीपत्ता छान लागेल, म्हणून तिने ती उचलली. घरी येऊन साडूंनी माती भरण्याआधी म्हणून ती पुसली, तर विटलेल्या हिरव्या रंगावर एक पांढरट पाखरू दिसलं आणि खाली अक्षरं: प्लोव्हर, आणि ऑस्ट्रेलियातल्या एका गावाचं नाव. कढीपत्ता कुंडीतच राहिला. टाकी गॅरेजमधल्या फळीवर मखमली कापडावर गेली आणि साडू त्या गावामागे लागले ते आजतागायत. प्लोव्हर म्हणजे आपली टिटवी, हा शोध त्यांनी लावला तेव्हा सांगलीहून सासूबाईंनी फोनवरच कपाळाला हात लावला. "अहो, टिटवी घरावरून ओरडत गेली तरी माणूस दचकतो, तुम्ही ती घरात आणून बसवलीत?" साडू म्हणाले, "आई, ही ओरडत नाही. हिला इंजिन नाहीये."

त्या टाकीला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. जुन्या गाड्यांच्या दुनियेत म्हणे मूळ रंग म्हणजे सर्वस्व. तो खरवडला, नवा दिला, की वस्तू मेली. त्यामुळे साडू तिच्यावरची धूळसुद्धा रंगाच्या ब्रशने हळूच उडवायचे. त्यांची मुलगी लहानपणी एकदा तिच्यावर बसून टकटक करू लागली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्यावर ओरडले. ती आता कॉलेजात आहे, पण अजून म्हणते, "डॅड, इट्स जस्ट अ गॅस टँक." त्यावर साडू छताकडे बघतात.

जगात ही टाकी समजू शकणारा दुसरा एकच माणूस होता, तो खुद्द ऑस्ट्रेलियात. निवृत्त शाळामास्तर. त्याला आम्ही सगळे गुरुजीच म्हणायचो. इंटरनेटवर कुठेतरी यांची गाठ पडली आणि मग ईमेलवर जे सुरू झालं त्याला मैत्री म्हणावं की भांडण, हे मला कधीच कळलं नाही. वाद एकच. त्या काळी अशा गाड्यांचं इंजिन विलायतेहून यायचं, हे दोघांनाही मान्य. चाकं, साखळी, गिअर, दिवा, तेही बाहेरून यायचं, हेही मान्य. गुरुजींचं म्हणणं की टाकीसुद्धा विलायतीच, गावच्या दुकानदाराने फक्त पाखरू चिकटवलं. आणि साडूंचं म्हणणं की बाकी सगळं परकं असेल, पण टाकी त्या गावच्या तांबटाने ठोकलेली आहे. "भाऊ, सगळंच बाहेरचं असेल तर मग त्या माणसाने केलं काय?" हे ते मला इतक्या कळवळ्याने विचारायचे की जणू त्यांच्याच सख्ख्या आजोबांवर कुणी आळ घेतलाय. टाकी त्या गावची ठरली तर प्लोव्हर खरी, नाहीतर नुसती चिकटपट्टी, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि हे एकदा सिद्ध व्हावं यावर त्यांचा जीव टांगलेला होता.

तर झालं असं, की एका वर्षी गुरुजींनी कळवलं, मुलीला भेटायला कॅनडात, तुमच्यापासून तीनेक तासांवर, व्हँकुव्हरला येतोय, वाटेत तुझी टाकी बघतो आणि वाद मिटवतो. येणार होते नेमके दसऱ्याच्या दिवशी. आणि नेमक्या त्याच वर्षी सासूबाई सहा महिन्यांसाठी थोरल्या लेकीकडे आलेल्या होत्या.

आमच्या सासूबाई म्हणजे एका जागी बसणं हा अपमान समजणाऱ्या बाई. अमेरिकेत त्यांना कामच उरलं नव्हतं. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन वाळवतं, केर काढणारं यंत्र आपलं आपणच घरभर फिरतं. मग त्यांनी छंद लावून घेतला तो पाकिटं वाचायचा. इंडियन ग्रोसरीत गेल्या की चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत प्रत्येक पाकिटामागचं ते कुठून आलं हे वाचायच्या आणि मोठ्याने जाहीर करायच्या. "अगं बाई, ही तूरडाळ आफ्रिकेची! आणि हे वेलदोडे ग्वा-टे-मा-ला! हे कुठं आलं गं?" दुकानदार गुजराथी होता, तो हसून हसून बेजार व्हायचा.

खंडेनवमीला सकाळी त्यांनी लेकीला विचारलं, घरात हत्यारं काय काय आहेत, पूजा मांडायची आहे. मेहुणी मीटिंगमध्ये होती. तिने म्यूट करून सांगितलं, "आई, सगळं गॅरेजमध्ये आहे, तू घे ना." साडू ऑफिसला गेलेले. मी झेंडूची फुलं पोचवायला म्हणून दुपारी गेलो, तर गॅरेजचं दार उघडं आणि आत पूजेची आरास. ड्रिल मशीन, बर्फ ओढायचं फावडं, मेहुणीचा जुना लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू. आणि मधोमध पाटावर एक लखलखीत पितळी वस्तू, नुकतीच देवघरातून आणल्यासारखी. चिंचेचा कोळ, मीठ आणि तारेची घासणी शेजारीच पडलेली होती. सासूबाई पदराने घाम पुसत म्हणाल्या, "या, या. बघा, काय घाण साचली होती हिच्यावर! वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला दिसत नाही. आत अस्सल पितळ आहे हो, कुणाला पत्ताच नाही."

माझ्या हातातली फुलं तिथेच सांडली. मेहुणी मागून आली, तिने बघितलं आणि भिंतीला धरून उभी राहिली. सासूबाईंना वाटलं, आम्ही चकाकी बघून थक्क झालो. एका परीने ते खरंच होतं.

साडू संध्याकाळी आले. मिनीव्हॅनच्या दिव्यांचा झोत टाकीवर पडला आणि ती अशी झळाळली की त्यांना डोळे मिटून घ्यावे लागले. मग ते उतरले. मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई पुढे होऊन म्हणाल्या, "आवडली ना हो? तुमची लाडकी आहे म्हणून मुद्दाम हातानं घासली." दुखऱ्या गुडघ्यांनी दुपारभर जमिनीवर बसून त्या माउलीने ते केलेलं होतं. साडूंनी त्यांच्या चिंचेने सुरकुतलेल्या बोटांकडे बघितलं, आणि काय सांगू, इतक्या स्वच्छ आवाजात ते म्हणाले, "आई, काय चकाकतेय! मला इतकी वर्षं जमलं नव्हतं." मला हा माणूस तोवर आवडायचा. त्या क्षणापासून मी त्याला मानायला लागलो.

टाकी उचलून त्यांनी कपाळाला लावली, पुन्हा पाटावर ठेवली, आणि हातपाय धुऊन येतो म्हणून गेले ते मिनीव्हॅनमध्ये जाऊन बसले. मीही शेजारी जाऊन बसलो. समजूत काढावी म्हणून म्हटलं, "फोटो आहेत ना तुमच्याकडे?"

"ढीगभर आहेत," ते म्हणाले. "पण भाऊ, ते पाखरू सोड. मी टाकी नमस्काराला म्हणून उचलली, तेव्हा खालून बघितली. रंगाखाली शिक्का आहे. बर्मिंगहॅम."

म्हणजे टाकीही विलायती. गुरुजी जिंकले होते, आणि पुरावा आमच्याच सासूबाईंनी घासून काढून दिला होता. मला साडूंचं तोंड बघवेना. मी युक्ती सुचवली, "हे बघा, उद्या ते आले की म्हणू, पूजेला बसवलीय, आमच्यात दसऱ्याला पाटावरची वस्तू हलवत नाहीत. वरून बघतील आणि जातील. शिक्का काय तिकडे व्हँकुव्हरहून दिसणार आहे?" साडूंनी माझ्याकडे बघितलं आणि दार उघडून ते खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी आले. उंच, वाकलेले, मोठ्या कानांचे, आणि येतानाच बूट बाहेर काढून आले, म्हणजे कुणीतरी पढवलं होतं. आल्या आल्या साडूंना मिठी मारून म्हणाले, "वेल मेट, कुठंय ती?" गॅरेजमध्ये गेल्यावर मात्र ते दारातच थबकले. मी हळूच त्यांच्या कानात घडलेली हकिगत सांगितली आणि सासूबाईंना काही कळू द्यायचं नाही हेही सांगितलं. सासूबाई तिथेच उभ्या होत्या, शाबासकीच्या अपेक्षेने. गुरुजींनी त्यांच्याकडे बघून मान लववली आणि मला म्हणाले, यांना सांगा, इतकी स्वच्छ प्लोव्हर मी जन्मात पाहिली नाही. मी तसं सांगितलं. सासूबाई लाजल्या.

मी दसऱ्याचं शास्त्र सांगायला घसा खाकरला, एवढ्यात साडूंनीच टाकीवरची फुलं काढून बाजूला ठेवली, ती दोन्ही हातांनी उचलली आणि उलटी करून गुरुजींपुढे धरली. गुरुजींनी चष्मा वर सारून वाचलं. मला वाटलं, आता हा म्हातारा उडी मारणार. तर तो खाली बसला, तिथल्या स्टुलावर, हळूहळू. म्हणाला, "इतकी वर्षं मी हरायची वाट बघत होतो, मेट. निदान टाकी तरी आमची निघेल असं वाटलं होतं."

मग दोघेही जेवायला बसले ते सुतकात बसावेत तसे. पुरणपोळी समोर निवत होती. सासूबाईंच्या जिवाची घालमेल झाली. "काय झालं हो यांना? पुरण गोड कमी झालं का?" मी सांभाळून सांगितलं, "तसं नाही, आई. ज्या गाडीची ती टाकी आहे ना, तिचं काहीच त्या गावचं नव्हतं असं आज कळलं. इंजिन बाहेरचं, चाकं बाहेरची, टाकीसुद्धा बाहेरची. त्या माणसाने फक्त जोडली आणि वर आपलं नाव घातलं. त्याचं वाईट वाटतंय दोघांना."

"एवढंच?" सासूबाई चिडल्याच. "आणि ही पोळी? डाळ त्यांच्याच ऑस्ट्रेलियाची आहे, मी वाचलंय पाकिटावर. कणीक कॅनडाची. वेलदोडे त्या ग्वाटेमालाचे. लोणी त्या कुठल्या विस्कॉन्सिनचं, त्याचं मी तूप कढवलं. मग काय, ही पोळी विस्कॉन्सिनची झाली? सकाळपासून मी उभी आहे इथं, मी! माझी पोळी आहे ती. निवली तर वातड होईल, खा म्हणावं गपगुमान."

मी हे जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. गुरुजी क्षणभर पोळीकडे बघत राहिले आणि मग असे हसले, असे हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. साडूही हसायला लागले. साडूंची मुलगी म्हणाली, "ओ माय गॉड, आजी!" गुरुजींनी तुपात बुडवून पोळी संपवली, आणखी एक मागितली, आणि जाताना सासूबाईंच्या पाया पडायचा प्रयत्न केला. तो गुडघ्यांमुळे निम्म्यातच राहिला, पण नमस्कार त्यांना पोचला. दारात साडूंना म्हणाले, "सो शी'ज अ प्लोव्हर आफ्टर ऑल." इथे सुट्या भागांच्या प्रत्येक खोक्यावर 'घरी जोडून घ्या' अशा अर्थाचं जे छापलेलं असतं, तेच साडू म्हणाले, "येस. सम असेंब्ली रिक्वायर्ड."

त्यानंतर कुणीकुणी सुचवलं की फोटोवरून पाखरू पुन्हा रंगवून घ्या. साडूंनी ऐकलं नाही. उलट जो माणूस त्या टाकीवर फुंकरसुद्धा जपून घालायचा, तो आता दरवर्षी खंडेनवमीला सुट्टी काढतो, बाह्या वर करतो आणि चिंच-मीठ घेऊन ती स्वतः घासत बसतो. बॉथेलची हवा दमट, पितळ लगेच काळवंडतं. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर ती लखलखीतच दिसली पाहिजे, यासाठी हा खटाटोप. इतिहासाची व्याख्यानं अजून चालूच आहेत, फक्त आता त्यांत चणाडाळीचा उल्लेख वाढलाय.

यंदाच्या खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे फुलं घेऊन गेलो तेव्हा कॉल चालूच होता. सासूबाईंना आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पुन्हा विमानात बसणं तर होणारच नाही. साडूंनी टाकी कॅमेऱ्याजवळ धरली, मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी बोटाने तिच्यावर टिचकी मारली. टण्णकन आवाज आला. सासूबाईंचा चेहरा उजळला. "ऐकली, ऐकली. घासलीत ना नीट?" मग म्हणाल्या, "अहो जावईबापू, एक विचारू? परवापासून मनात घोळतंय. त्या टाकीवर आधी एक पाखरू होतं ना हो? खाली काहीतरी लिहिलेलंही होतं. मीच तर नाही घासून काढलं?"

साडूंनी टाकी मांडीवर घेतली. जिथे पाखरू होतं त्या जागेवरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला.

"छे हो, आई," ते म्हणाले. "तुम्ही यायच्या आधीच उडून गेलं ते. थंडी सुरू झाली होती ना इकडे."

"मग बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "मला उगीच रुखरुख लागली होती."

साडूंनी त्यांच्यासाठी टाकीवर पुन्हा एकदा टिचकी मारली. फोन ठेवल्यावर ते उठले, घासणी धुऊन वाळत घातली, आणि चिंचेने सुरकुतलेली आपली बोटं बराच वेळ बघत राहिले.